कर्करोगाचं नाव कोण ठेवतं?

काही वर्षांपूर्वी नागपूरहून खालाचा तपासणी अहवाल चिमूरला आला. तो माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "तुला दोन-दोन भाषा येतात ना बेटा? मग वाच, हा कोणता कॅन्सर आहे?" स्तनाचा आहे, हे तिला माहीत होतं. तिला पुढचं नाव हवं होतं, कारण औषध त्या नावावर ठरतं. ते नाव कसं ठरतं हे शोधू लागलो, तेव्हा एक इतिहास हाती लागला.

पूर्वी गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पेशींच्या आकारावरून नाव ठरायचं. पण शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचं एकच पुस्तक असतं. कोणती पेशी कोणता धडा किती मोठ्याने वाचते, त्यावर तिचं वागणं ठरतं. हा आवाज मोजणं म्हणजे जनुक-अभिव्यक्ती मोजणं. १९९९ मध्ये अमेरिकेत टॉड गोलब आणि सहकाऱ्यांनी रक्ताच्या कर्करोगाचे ३८ नमुने घेतले, ६,८१७ जनुकांचे आकडे मोजले आणि त्यावरून दोन प्रकार वेगळे ओळखून दाखवले. पुढच्याच वर्षी चार्ल्स पेरू आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाचे असे प्रकार मांडले. २००९ मध्ये त्यासाठी पन्नास जनुकांची कसोटी आली.

मात्र यंत्रातून आलेले आकडे तसेच वापरता येत नाहीत. यंत्र बदललं, दिवस बदलला तरी आकडा बदलतो. म्हणून आधी ते एका मापात आणावे लागतात. खरी मेख इथेच आहे.

निकालपत्रक भरताना एक ओळ सरकली, की पुढच्या सगळ्या मुलांचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात. हे माझ्या हातूनही झालं आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात नेमकं हेच झालं. कोणत्या रुग्णाला कोणतं औषध लागू पडेल, हे जनुकांच्या आकड्यांवरून सांगता येतं, असा दावा २००६ मध्ये तिथे झाला. ह्यूस्टनच्या कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स यांनी आकडे तपासले. जनुकांची यादी एका ओळीने सरकली होती. काही ठिकाणी 'औषध लागू' आणि 'लागू नाही' या खुणाच उलट्या होत्या. तोवर त्या आधारावर रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या होत्या. त्या २०१० मध्ये थांबल्या. पुढे निबंध मागे घेतले गेले.

दुसरी चूक इतकी उघड दिसत नाही. पन्नास जनुकांच्या कसोटीत प्रत्येक जनुकाचा आकडा बहुधा गटातल्या मधल्या आकड्याशी ताडून पाहतात. वर्गात सगळी हुशार मुलं असली, तर ऐंशी गुणांचं मूलही 'मागे' दिसतं. तसंच गटात एकाच प्रकारच्या गाठी असतील, तर मधला आकडा सरकतो आणि काही गाठींना चुकीचं नाव मिळतं. आपल्याकडे संप्रेरकांना दाद न देणाऱ्या गाठींचं प्रमाण पश्चिमेपेक्षा जास्त आढळतं. म्हणजे तिथला मधला आकडा आपला नव्हे, आणि आपल्या एका रुग्णालयातला गटही आपोआप समतोल होत नाही.

तुलना कोणाशी, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये सूर्याबाईंसोबत कर्करोगाचा संबंध लोकांच्या सवयींशी जोडला. कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराखाली होणारा त्वचेचा कर्करोगही त्यांनी नोंदवला. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत घरोघरी खर्रा आहे. इथल्या तोंडाच्या कर्करोगाला नाव देताना इथलीच माणसं मोजली पाहिजेत.

खालाच्या अहवालावरचं नाव मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नीट बघितलं असेल ना त्यांनी?" आधी वाटलं, भीतीपोटी विचारते आहे. आता वाटतं, विज्ञानाला विचारायचा नेमका प्रश्न तोच आहे.