कच्चे कुलूप

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, हवेली तालुक्यात लोणी काळभोर हे गाव आहे. तेथून थोड्याच अंतरावर थेऊर. चिंतामणीच्या या क्षेत्री १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरल्या माधवरावांनी देह ठेवला, आणि पुरते वर्षही उलटले नाही तोच, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. त्या खुनाची ‘ध चा मा’ ही कथा ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. पत्रात ‘धरावे’ असे होते, त्याचे कुणी ‘मारावे’ केले. कथा खरी की रचलेली, हा वाद पंडितांनी करावा. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनातले एक भय तिच्यात बोलते आहे. आपले पत्र वाटेत कुणी वाचले तर? आणि वाचून त्यातले एखादे अक्षर फिरवले तर?

हे भय जुने खरेच. आपल्याकडच्या चौसष्ट कलांच्या यादीतही ‘म्लेच्छितविकल्प’ म्हणजे सांकेतिक लेखनाची कला आहे. आज हीच कला तलवारीच्या नव्हे, तर तराजूच्या कामाला लागली आहे. दिवाळीच्या बाजारात पणत्या घेणारी गृहिणी दुकानदारापुढच्या ठिपक्यांच्या चौकोनावर फोन धरते, आणि तिच्या खात्यातले पैसे त्याच्या खात्यात जातात. ती आज्ञा वाटेत कुणाला वाचता येऊ नये आणि ‘शंभर’चे ‘हजार’ करता येऊ नयेत, म्हणून तिच्यावर गणिताचे एक कुलूप बसते. हे कुलूप लोणीच्या दुकानापर्यंत कसे पोहोचले? ते पोहोचू नये म्हणून एक मोठे राष्ट्र बरीच वर्षे झटत होते. त्याचीच ही हकीकत.

दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडून दोस्तांनी मोठमोठे विजय मिळवले. तेव्हापासून अमेरिकेच्या सरकारला संकेतविद्या तोफेइतकीच मोलाची वाटू लागली. तिच्या युद्धसाहित्याच्या यादीत रणगाडे आणि दारूगोळा यांच्या पंगतीला ही कुलपेही जाऊन बसली. परवान्यावाचून ती देशाबाहेर पाठवणे हा गुन्हा ठरला.

असा नकार काय असतो, हे पुण्याला चांगले ठाऊक आहे. १९८७ च्या सुमारास भारताने अमेरिकेकडे क्रे नावाचा महासंगणक मागितला. हवामानाच्या कामासाठी एक लहान यंत्र कडक अटींवर मिळाले. मोठ्याला मात्र नकार आला. कारण असे यंत्र अण्वस्त्रांच्या गणितालाही उपयोगी पडते. मग १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. बाजारात सहज मिळणारे लहान लहान संगणक-घटक एकत्र जुंपून, अनेक बैलांनी एकच नांगर ओढावा तसे त्यांच्याकडून काम करवून घेतले गेले. नकाराने गरज निर्माण केली आणि गरजेने बुद्धीला जागे केले.

पण महासंगणक हे निदान यंत्र तरी आहे. ते बंदरावर अडवता येते. कुलपाची गोष्ट निराळी. हे कुलूप म्हणजे संगणकाला दिलेल्या लेखी आज्ञा, म्हणजेच पाककृतीसारखी एक लिहिलेली रीत. १८८३ मध्येच ऑग्युस्त केर्कहॉफ्स या पंडिताने एक सूत्र सांगून ठेवले होते : कुलूप कसे घडवले आहे हे शत्रूला कळले तरी बिघडता कामा नये, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. म्हणून उत्तम कुलपे तीच, ज्यांची रीत चारचौघांत मांडलेली असते आणि हजार जाणत्यांनी ठोकून पाहिलेली असते. अशा उघड्या, कुणीही वाचाव्या आणि सुधाराव्या अशा आज्ञावलीला मुक्त आज्ञावली म्हणतात. आता चारचौघांत मांडलेली वस्तू सरहद्दीवर अडवायची कशी?

१९९१ मध्ये फिल झिमरमन या अमेरिकी गृहस्थाने सामान्य माणसाची पत्रे कुलूपबंद करणारी ‘पीजीपी’ नावाची आज्ञावली लिहून फुकट वाटली. ती पाहता पाहता परदेशी पोहोचली आणि १९९३ पासून त्याच्यामागे सरकारी चौकशी लागली. जानेवारी १९९६ मध्ये ती खटल्यावाचून मिटली. पण त्याआधीच, १९९५ मध्ये, त्याने एक गमतीची युक्ती केली होती. आज्ञावलीची अक्षरे न्‌ अक्षरे छापून त्यांचे एक पुस्तक काढले. तबकडीवर घातलेली आज्ञावली म्हणजे शस्त्र. तीच कागदावर छापली की ग्रंथ! आणि ग्रंथ परदेशी पाठवायला बंदी नव्हती. त्याच सुमारास काही मिस्कील मंडळींनी एक कुलूप चार-दोन ओळींत बसवून सदऱ्यावर छापले आणि विचारले, हा सदरा घालून विमानात बसलो तर ती शस्त्रांची चोरटी निर्यात होईल काय?

हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता तो यातला पुढचा भाग. अमेरिकी कंपन्यांना माल तर जगभर विकायचा होता. म्हणून त्या दोन प्रकारची कुलपे करू लागल्या : घरच्यांसाठी १२८ अंकांच्या किल्लीचे पक्के, बाहेरच्यांसाठी ४० अंकांच्या किल्लीचे कच्चे. हे अंक म्हणजे केवळ शून्य आणि एक. ४० अंकांच्या किल्ल्या सुमारे १ लाख १० हजार कोटी होतात. आकडा भयंकर खरा, पण संगणकाला तो काहीच नव्हे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या दामियाँ दोलिगे या संशोधकाने संस्थेतले संगणक रिकाम्या वेळी राबवून असे एक कुलूप आठ दिवसांत उघडून दाखवले. पुढच्या प्रत्येक अंकाला किल्ल्या दुप्पट होत जातात; १२८ व्या अंकापर्यंत हे दुप्पट होणे अठ्ठ्याऐंशी वेळा घडते. एवढे अंतर होते घरच्या आणि बाहेरच्या कुलपात!

बाहेरचे लोक काही हात जोडून बसले नाहीत. ऑस्ट्रेलियात एरिक यंग आणि टिम हडसन यांनी पक्क्या कुलपाची मुक्त आज्ञावली लिहिली. १९९८ मध्ये तिच्यातूनच ‘ओपन-एसएसएल’ निघाली आणि जगभरच्या असंख्य संगणकांवर बसली. कॅनडात ‘ओपन-बीएसडी’च्या मंडळींनी असेच काम चालवले. ‘डेबियन’ या मुक्त प्रकल्पाने तर कुलपांच्या आज्ञावलींची वेगळी कोठीच अमेरिकेबाहेर थाटली. इकडे डॅनियल बर्नस्टीन या विद्यार्थ्याने १९९५ मध्ये अमेरिकी सरकारवर दावा लावला की, आज्ञावली लिहिणे हेही भाषणच आहे. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. तो कौल फेरसुनावणीसाठी मागे घेतला गेला, पण जानेवारी २००० मध्ये सरकारने आपण होऊन नियम सैल केले. मुक्त आज्ञावली प्रसिद्ध करताना सरकारला केवळ एक सूचना धाडणे पुरेसे झाले. २०२१ मध्ये प्रचलित रीतींच्या बाबतीत तीही अट गेली. आणि नियतीची थट्टा पाहा : २००१ मध्ये अमेरिकेने स्वतःच्या सरकारी कामासाठी जे कुलूप प्रमाण म्हणून स्वीकारले, ते दोन बेल्जियन गणितज्ञांनी घडवलेले होते!

येथे गोष्ट संपली असती तर बरे. पण २०१५ मध्ये उघडकीस आले की, निर्यातीसाठी केलेली ती जुनी कच्ची कुलपे असंख्य आज्ञावलींच्या कोपऱ्यात तशीच पडून होती. दोन संगणकांना फसवून पक्क्याऐवजी ते कच्चे कुलूप लावायला भाग पाडता येत होते. या दोषांना ‘फ्रीक’ आणि ‘लॉगजॅम’ अशी नावे मिळाली. ते अमेरिकी ग्राहकांनाही तितकेच बाधले. परक्यासाठी ठेवलेली फट पंधरा वर्षांनी घरच्याच भिंतीत निघाली.

हा धडा परक्यांपुरता नाही. आपल्याही दूरसंचार खात्याच्या परवान्यात एके काळी ४० अंकांचीच मर्यादा होती. मोठी किल्ली वापरायची तर परवानगी घ्यायची आणि किल्ली सरकारात ठेवायची. त्याच काळात, २००१ मध्ये, रिझर्व्ह बँक मात्र बँकांना १२८ अंकांचे कुलूप लावायला सांगत होती. एका हाताने दार लावा म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने कडी काढायची! सप्टेंबर २०१५ मध्ये एक सरकारी मसुदा आला : नागरिकांनी आपले कुलूपबंद संदेश उघड्या रूपात नव्वद दिवस जपून ठेवावेत. लोकांत गहजब झाला आणि काही दिवसांतच मसुदा मागे घेतला गेला. २०१७ मध्ये भारत वासेनार करारात सामील झाला. आज आपल्या निर्यात-नियंत्रणाच्या यादीतही ही विद्या आहे. एके काळी नकार ऐकणारे आपण आता नकार देऊ शकणाऱ्यांच्या पंगतीला बसलो आहोत.

दुष्टाच्या हाती कुलूप जाऊ नये, ही सरकारची चिंता खोटी नाही. पण चोराला कच्चे आणि सावाला पक्के असे कुलूप अजून कुणाला घडवता आलेले नाही. ते कच्चे असले तर दोघांनाही कच्चेच. ‘ध’ चा ‘मा’ होऊ द्यायचा नसेल, तर पेशव्यांच्या खलित्याला आणि पणतीच्या पैशाला एकच पक्के कुलूप हवे.