चहाच्या गाडीतून आलेलं पाकीट

'निरोध' हा शब्द पतंजलीच्या योगसूत्रांत अगदी आरंभी, योगाच्या व्याख्येतच येतो. आमच्या पिढीने मात्र तो पहिल्यांदा वाचला वाण्याच्या दुकानात!

१९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि आयुष्यभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या. १९५२ मध्ये सरकारनेच कुटुंबनियोजन हाती घेतलं. पण दवाखान्यात ओळखीच्या नर्सबाईंसमोर उभं राहून कंडोम मागणार कोण? १९६४ मध्ये कलकत्त्याच्या आयआयएममधून सूचना आली, की ही वस्तू बाजारात, स्वस्तात विका. नाव सुचवलं होतं 'कामराज'. नेमके तेव्हा के. कामराज काँग्रेसचे अध्यक्ष होते. नाव बारगळलं.

१९६८ मध्ये 'निरोध' बाजारात आला. हिंदुस्थान लिव्हर, ब्रुक बाँड, लिप्टन, टाटा ऑइल मिल्स, युनियन कार्बाइड आणि इंपीरियल टोबॅको अशा सहा कंपन्यांनी तो दुकानांत पोचवला. साबण, चहा, सिगारेटी, बॅटरीचे सेल यांच्यासाठी गाड्या गावोगाव जातच होत्या, त्यांत आणखी एक खोकं. कंपन्यांनी फार मोठा त्याग केला असं मी म्हणणार नाही. पण असं जाळं सरकारपाशी नव्हतं. किंमत पंधरा पैशांना तीन. माल आधी परदेशातून यायचा. १९६९ पासून तिरुवनंतपुरमच्या हिंदुस्थान लॅटेक्समध्ये तयार होऊ लागला.

मला मोल वाटतं ते त्या पंधरा पैशांचं. फुकट वाटलेल्यांचे पोरं फुगे करायची. खिशातून पैसे काढणारा माणूस मात्र स्वतः ठरवून आलेला असतो, आणि दुकानदार त्याची जात, धर्म, मुलं किती, काही विचारत नाही. 'तुमच्यात हे चालतं का?' असं मला अजून विचारतात. बाराव्या शतकाच्या आरंभी वारलेल्या इमाम गझालींनी गर्भ टाळण्यासाठीचं 'अज़्ल' वैध मानलं होतं, हे किती जणांना ठाऊक असतं?

सरकारला मात्र एवढा धीर नव्हता. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ऐंशी लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. अनेकांना धरून नेलं. त्या धाकाने मोहल्ल्यांतच नव्हे, वाड्यावस्त्यांवरही लाल त्रिकोण पाहून लोक दारं लावून घेऊ लागले.

दुकानाच्या वाटेलाही एक मर्यादा होती. त्या फळीसमोर पुरुष उभा राहायचा, बाई नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कंडोम वापरणारी जोडपी शंभरात साडेनऊ निघाली, पुरुष नसबंदी एक टक्काही नाही, आणि शस्त्रक्रिया झालेल्या बायका अडतीस.