वाळूच्या टेकड्या आणि पीरभॉयची गाडी

माझा भाचा शारजाहून सुटीवर आला की फोनवर वाळवंट दाखवतो. पिवळ्या टेकड्या, त्यांवर उसळ्या मारणाऱ्या गाड्या, रात्री तंबूत जेवण. या हिवाळ्यात भिसेगावच्या ओट्यावर बसून म्हणाला, “मामू, असं फिरायला आपल्याकडे काय आहे?” दुसऱ्या दिवशी कर्जतहून लोकल पकडून मी त्याला नेरळला नेलं आणि तिथून मिनी ट्रेनमध्ये बसवलं.

ही गाडी कुणी आणली, हे डब्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने ‘शोधलं’, असं पुस्तकं सांगतात. तो आपल्या खालापूरच्या चौक गावाकडून चढला आणि वाट दाखवायला चौकचा पाटील सोबत होता. धनगर, ठाकर, कातकरी तर आधीपासूनच त्या डोंगरावर वावरत होते. त्यानंतर मुंबईचे साहेब आणि शेठ हवा खायला येऊ लागले. ते यायचे घोड्यावरून, नाहीतर माणसांच्या खांद्यावरच्या पालखीतून.

सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले दाऊदी बोहरा व्यापारी. डिसेंबर १९०७ मध्ये कराचीत भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्ष तेच होते. एकदा नेरळला त्यांना ना घोडा मिळाला ना पालखी. तेव्हा ‘आता रेल्वेनेच वर जाईन’ असं ठरवून ते परतले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो-नसो, रूळ खरे आहेत. पैसा आदमजींचा आणि काम तडीस नेलं त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी. १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि १९०७ मध्ये दोन फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी धावली. अंतर सुमारे २१ किलोमीटर, खर्च सोळा लाख रुपये.

दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारींना बंदी आहे. म्हणून आत हातरिक्षा होत्या: पुढून एक माणूस ओढायचा, मागून दुसरे ढकलायचे. गाडी येऊन शंभर वर्षं उलटली तरी माणसाने माणसाला ओढणं थांबलं नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करायला आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पुनर्वसन करायला सांगितलं.

आम्ही लाल मातीतून चालत पॉइंटवर गेलो. भाचा म्हणाला, “तिकडे गाडीशिवाय मजा नाही, इथे गाडीच नाही.” मी म्हटलं, “बाबा, मजा दोन्हीकडे आहे. कुठेही गेलास तरी आपल्याला इथवर कोण घेऊन आलं, तेवढं विचारत जा.”

परतताना नेरळच्या फलाटावर त्याने स्वतःहून फोन काढला आणि शारजातल्या मित्रांना इंजिनाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं: ‘पीरभॉयची गाडी.’