पानासोबत आलेली अक्षरं

१९९८-९९चा सुमार आठवून पाहा. परदेशातला मराठी माणूस गावाकडची बातमी वाचायला संगणकासमोर बसला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हांची खिचडी उमटायची. त्या वर्तमानपत्राचा फॉण्ट आधी उतरवून घ्या, मग वाचा! दुसरं वर्तमानपत्र, दुसरा फॉण्ट. कारण साधं होतं. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या क्रमांकांवर मराठी आकार बसवलेले असत. फॉण्ट नसला, की खालचं इंग्रजी उघडं पडे.

फॉण्ट पानासोबतच पाठवायची सोय १९९७ साली नेटस्केप आणि इंटरनेट एक्स्प्लोरर या दोन्ही ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्तीत आली. पण एकाची फाइल दुसऱ्याला चालेना. भांडण त्यांचं, हाल वाचकांचे. पानाची सजावट सांगणाऱ्या सीएसएसमध्ये १९९८ साली त्यासाठी 'फॉण्ट-फेस' हा नियम आला खरा; पुढच्या सुधारित आवृत्तीतून तो गाळलाही गेला.

युनिकोडने देवनागरीला १९९१मध्येच स्वतःचे क्रमांक दिले होते. विंडोज २०००बरोबर 'मंगल' हा फॉण्ट आला. तो घडवला कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. आता मराठी वाचता येऊ लागली, शोधताही येऊ लागली. चेहरा मात्र बहुतेक ठिकाणी तोच. मंगल वाईट नाही. पण लग्नपत्रिका आणि मृत्युलेख एकाच अक्षरात, हे काही बरं दिसत नाही.

मार्च २००८मध्ये सफारी ३.१ आणि ३० जून २००९ रोजी फायरफॉक्स ३.५ साधे ट्रूटाइप फॉण्ट पानासोबत स्वीकारू लागले. फॉण्ट बनवणाऱ्यांना धास्ती पडली, आपली मेहनत कोणीही फुकट उचलणार. त्यावर तडजोड म्हणून 'वॉफ' ही वेगळी, आकुंचित फाइल निघाली; जानेवारी २०१०च्या फायरफॉक्स ३.६ने ती आधी स्वीकारली. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉण्ट इंग्रजीपेक्षा जड असतो, म्हणून हे आकुंचन आपल्याला विशेष उपयोगी. र. कृ. जोशी मात्र २००८मध्येच गेले होते.

आणि ती जुनी पानं? नेटस्केपची फॉण्ट पाठवायची तऱ्हा २०००मध्ये, सहाव्या आवृत्तीतच बंद झाली. एक्स्प्लोररची त्याच्यासोबतच संपली. त्या वर्षांतल्या ज्या बातम्या कोणी युनिकोडमध्ये उतरवल्या नाहीत, त्या आज उघडल्या तर पडद्यावर तीच खिचडी दिसते.