पाऊस, विहीर आणि सरकारचा वाटा

खुलताबादला सहल गेली की आपण मुलांना औरंगजेबाची साधी कबर दाखवतो आणि वेरूळकडे निघतो. मलिक अंबरची कबरही याच गावात आहे. त्याच्या लढायांविषयी पुष्कळ सांगितले जाते. शेतीच्या कारभाराविषयी मात्र आपण वर्गात फारसे बोलत नाही.

निजामशाहीत गावांचा वसूल मक्त्याने दिला जाई. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारात भरणार आणि वर जमेल तितके रयतेकडून काढणार. पुढच्या वर्षी गाव त्याच्याकडे असेलच असे नाही. मग विहीर बुजली काय नि बैल मेला काय, त्याला कशाची फिकीर? अंबरने मक्ता बंद केला आणि जमिनीची प्रत व प्रत्यक्ष पीक पाहून वसूल ठरवायला सुरुवात केली. 1626 मध्ये तो वारला. 1630 ते 1632 च्या भीषण दुष्काळाने आणि मोगलांच्या स्वाऱ्यांनी दख्खनची गावेच्या गावे ओस पडली.

1652 मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला, तेव्हा सुभ्याचा खर्चही वसुलातून भागत नव्हता. हा पेच सोडवला त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान याने. (बंगालचा मुर्शिद कुली खान वेगळा, तो पुढच्या पिढीतला.) त्याने बैल-बियाण्यासाठी तगाई दिली आणि ती पीक आल्यावर हप्त्यांनी फेडून घेतली. जमिनी मोजल्या. मोजणीत लबाडी होऊ नये म्हणून दोरीचे टोक तो स्वतः धरी, असे सांगतात.

आम्हाला सर्वांत उद्बोधक वाटतात ते त्याचे वाट्याचे दर. पावसावरच्या पिकाचा निम्मा वाटा सरकारचा, पण विहिरीवरच्या धान्याचा फक्त तिसरा. ऊस, द्राक्षे, अफू यांचा तर नववा ते चौथा हिस्सा. बागायतदार सधन, मग त्याला सूट का? कारण विहीर खणायची त्याने, मोट ओढायची त्याच्या बैलांनी आणि ऊस हाती येईपर्यंत थांबायचे तेही त्यानेच. पाणी देण्याचा खर्च आणि पीक पिकायला लागणारा काळ, या दोन गोष्टींवरून हे दर ठरत. निम्मा वाटा घेतला असता, तर नवी विहीर खणायला कोण तयार झाला असता?

1658 मध्ये धर्मातच्या लढाईत हा दिवाण मारला गेला.

वर्गात हिशेब मांडून पाहा. कोरडवाहूची बारा पोती झाली, तर सरकारला सहा. विहिरीवरची बारा झाली, तर चार. दुष्काळात दोनच पोती झाली, तर वाट्याच्या पद्धतीत सरकारही एकावर थांबते, रोख ठरलेल्या पट्टीत थांबत नाही. मात्र कोरडवाहूवाल्याच्या त्या उरलेल्या सहा पोत्यांतून पुढचे बियाणे, बलुतेदारांचे धान्य आणि वर्षभराची भाकरी काढायची आहे. मुलांनाच ती वाटणी करू द्या.