लोणारचे विवर आणि चंद्राचे मुख

मेहकराकडून सुलतानपुरावरून लोणारास जाणाऱ्या प्रवाशास वाटेत नवल वाटावे असे काही दिसत नाही. वऱ्हाडातील नेहमीचीच काळी जमीन, आणि सुलतानपुरात विहीर खणणाऱ्याच्या पहारेस लागतो तोच काळा फत्तर. पुढे लोणारास पोचल्यावर मात्र हाच फत्तर एकाएकी खचून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, जवळजवळ वर्तुळाकार असे विवर डोळ्यांपुढे उभे राहते, आणि त्याच्या तळाशी खारे पाणी चमकते. विष्णूने भूमीचे झाकण दूर सारून आत दडलेल्या लवणासुरास येथेच मारले, असे पुराण सांगते. शास्त्रज्ञांस या विवराचा उलगडा होण्यास पुष्कळच काळ लागला, व त्या खटपटीत चंद्राचा संबंध आला तो कसा, हे सांगावे असा आमचा हेतू आहे.

इ. स. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या सरोवराकडे युरोपियनांचे लक्ष वेधले. भोवती ज्वालामुखीचा खडक, मध्ये खळगा. तेव्हा हे ज्वालामुखीचेच मुख असावे, असे पुढील भूगर्भशास्त्रज्ञांस वाटले तर त्यात आश्चर्य नाही. परंतु दक्षिणेतील हा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि विवराचा काठ मात्र अद्याप ताजा, ही विसंगती कोणाच्याही डोळ्यांत भरण्याजोगी होती.

याच सुमारास अमेरिकेत ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा विचक्षण भूगर्भवेत्ता चंद्राकडे पाहत होता. वॉशिंग्टनच्या वेधशाळेतील दुर्बिणीतून अनेक रात्री निरीक्षण करून, चंद्रावरील वर्तुळे ज्वालामुखींची नसून बाहेरून आदळलेल्या पिंडांची आहेत, असे त्याने १८९३ साली प्रतिपादिले. अनुमान खरे ठरले. पण आपल्याच देशातील ॲरिझोनाच्या विवरापाशी हाच मनुष्य चुकला! लोखंडी उल्का पडली असेल तर ती तळाखाली सापडावी व होकायंत्राची सुई हलावी, असा त्याचा हिशेब होता. सुई हलली नाही. काठावरील मातीचे माप आणि खळग्याचे मापही जुळले, म्हणजे आत पुरलेल्या पिंडास जागाच उरेना. तेव्हा हा पृथ्वीच्या पोटातील वाफेचा स्फोट, असा निर्णय त्याने दिला, आणि १८९६ च्या आपल्या व्याख्यानात या विवराचे सजातीय उदाहरण म्हणून लोणारकडे बोट दाखविले. साम्य त्याने अचूक हेरले होते, हे विशेष. प्रचंड वेगाने येणारा पिंड आघातासरशी बहुतांशी वितळून व वाफ होऊन विखुरतो, तो पुरला जात नाही, ही गोष्ट तेवढी त्याच्या हिशेबात नव्हती. गिल्बर्टला हसणे सोपे आहे; पण प्रतिकूल पुरावा दिसताच आवडते अनुमान सोडून देणाऱ्या मनुष्याविषयी आम्हांस तरी आदरच वाटतो.

१९६० साली ॲरिझोनाच्या विवरात आघातानेच घडणारे खनिज सापडले व तेथील वाद मिटला. लोणारचा निकाल लागला तो १९७३ मध्ये. तोवर अपोलो याने चंद्रावरील दगड घेऊन परतली होती, आणि चंद्रावर आपण ज्यांस डाग म्हणतो ती मैदाने लोणारसारख्याच काळ्या खडकाची आहेत, हे हातात घेऊन पाहता येत होते. फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनी सरोवराच्या तळात खोल भोके पाडून खालचा चुरडलेला खडक वर काढला. त्यात मॅस्केलिनाइट आढळले. हे खनिज म्हणजे खडकातील स्फटिक न वितळता केवळ धक्क्याने काच बनलेला. त्याची पहिली ओळख बिहारात शेरघाटी येथे १८६५ साली पडलेल्या उल्केत झाली होती. शिवाय काठावर खणलेल्या चरांत वितळलेल्या खडकाचे बारीक गोल मणी मिळाले, व त्यांच्यासारखेच मणी अपोलोने आणलेल्या नमुन्यांत होते. ज्वालामुखीचा पक्ष येथे संपला.

अशा खडकातील हे पृथ्वीवरील एकमेव विवर, असे त्या वेळी समजत व आपल्याकडे अजून अभिमानाने सांगतात. वस्तुतः ब्राझीलमध्येही तशी विवरे आहेत, पण ती फार झिजलेली. लोणारचा काठ शाबूत आहे; चंद्राशी तुलनेस त्याचे मोल आहे ते यामुळे. तुलनेस मर्यादाही आहेत. चंद्रावर ना पाऊस, ना वारा. येथे मात्र ओढ्यांनी आणलेला गाळ तळात सुमारे १०० मीटर साचला आहे.

वयाविषयी मात्र मोठा घोळ आहे. आघातात घडलेल्या काचेच्या तप्तदीप्तीवरून ५२ हजार वर्षे हा आकडा निघाला आणि तोच सर्वत्र रूढ झाला; परंतु २०११ साली तशाच काचेतील आर्गॉन वायू मोजून ५ लक्ष ७० हजार वर्षे असे उत्तर आले. दोन उत्तरांत दसपटीहून अधिक अंतर, आणि दोन्ही घड्याळे एकाच दगडातली.