वाफेचा चक्रव्यूह

यंत्राच्या बंद पेटींतून फिरता दांडा बाहेर काढावयाचा, तर पेटीला भोंक पाडावें लागतें. आणि भोंक पडलें कीं आंतली वाफ तेथून निसटूं पाहते. जेम्स वॉटच्या काळीं यावरचा उपाय सरळ होता. दोराचे उकललेले तंतू चरबींत भिजवून दांड्याभोंवतीं घट्ट ठासावयाचे, आणि झिजले कीं नवे भरावयाचे. इंजिनें संथ चालत होतीं तोंवर हें पुरलें.

१८८४ सालीं इंग्लंडांत चार्ल्स पार्सन्स यानें आपलें वाफेचें टर्बाइन चालविलें. त्याचा दांडा मिनिटाला सुमारें १८,००० फेरे घेई. अशा वेगापुढें तंतूंचा काय पाड! ते घट्ट ठासावे तर घर्षणानें जळावयाचे, सैल ठेवावे तर वाफ जावयाची. पार्सन्सच्या पुढील टर्बाइनांत या पेंचांतून जी वाट निघाली, ती मोठी मार्मिक होती: दांड्याला स्पर्शच करावयाचा नाहीं.

दांड्याभोंवतीं पातळ कडांची रांग बसविली. प्रत्येक कडेशीं केवळ केंसासारखी फट राहते. वाफ त्या फटींतून वेगानें शिरते, पुढच्या पोकळींत भोंवरे होऊन तिचा जोर जिरतो, आणि पुन्हां दुसरी फट आडवी येते. दर पायरीला दाब उतरत जाऊन अखेरीस थोडीच वाफ बाहेर पडते. या रचनेला पाश्चात्य भाषांत ‘लॅबिरिंथ’, म्हणजे चक्रव्यूह, हें नांव मिळालें तें यथार्थच आहे.

याच सुमारास दुसरीकडे एक विलक्षण गोष्ट दिसून आली. बोशम्प टॉवर हा रेल्वेच्या बेअरिंगांची परीक्षा घेत असतां तेलाच्या भोंकांत बसविलेली लांकडी खुंटी आंतील दाबानें वर उडाली. फिरता दांडा स्वतःच तेलाला दाब देऊन त्या थरावर तरंगतो, हें त्यावरून कळलें. आणि १८८६ सालीं ऑस्बर्न रेनॉल्ड्स यानें त्याचें गणित मांडलें.

तेलाचा थर जें करतो तें वायूचा थरही करूं शकतो. १९७० नंतर वायूच्या कॉम्प्रेसरांत या तत्त्वावरील सील आले. समोरासमोरच्या दोन कड्यांपैकीं फिरत्या कड्यावर सर्पिल खाचा कोरलेल्या असतात. यंत्र थांबलेलें असतां स्प्रिंग दोन्ही कडीं मिटवून ठेवते. वेग आला कीं खाचांतून ओढलेला वायु त्यांना अवघ्या कांहीं मायक्रॉनांनीं विलग करतो. फट रुंदावली तर थराचा दाब उतरतो व स्प्रिंग तीं जवळ आणते. अरुंद झाली तर दाब चढून तीं दूर सरतात. फट स्वतःच आपली मर्यादा सांभाळते. ज्वालाग्राही वायु हाताळणाऱ्या कारखान्यांत कामगारांचे प्राण या मर्यादेवर अवलंबून असतात.

गळती मात्र संपूर्ण थांबत नाहीं. जी उरते ती अल्प व मोजतां येण्याजोगी असते, आणि तिला नळीवाटे सुरक्षित जागीं नेतां येतें. वॉटच्या काळचा कारागीर भोंक बुजवूं पाहत होता. त्याच्या वारसांनीं तें उघडें ठेवून त्यावर पहारा बसविला.